अक्का आणि वाटीखालची दोरी

जे. पी. नगरातली ती खोली बघायला मी गेले, तेव्हा घरमालकीणबाईंनी मला नाव विचारलं नाही. कुठल्या कंपनीत आहे, लग्न झालंय का, मांस-मच्छी खाते का, मित्र येतात का, हेही विचारलं नाही. बेंगळुरूत घर शोधताना या प्रश्नांची मला इतकी सवय झाली होती की उत्तरं मी एका दमात म्हणून टाकायची. बाई जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या. मी गच्चीवरची खोली बघून खाली येत होते. माझ्या तोंडाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मी शेवटच्या पायरीवर आले तसं त्या म्हणाल्या, "डावा. कधीपासून दुखतोय?"

मला वाटलं, भाड्याबद्दल काही विचारतायत.

"गुडघा गं. उतरताना डाव्यावर भार द्यायचं टाळतेस. वाटीच्या खाली, एका बोटानं दाखवता येईल अशा जागी दुखतं. सरी?"

सरी म्हणजे बरोबर, एवढं कन्नड मला तोवर कळायला लागलं होतं. आणि ते सरीच होतं. ऑफिस सुटल्यावर मी बॅडमिंटन खेळायची, त्यात हे दुखणं लागलं होतं. मलम झालं, बर्फ झाला, नागपूरहून आईनं फोनवर सांगितलेलं तेल झालं. बाईंनी मला तिथेच अंगणात एका पायावर अर्धी बैठक मारायला लावली. मी कळवळले तसा त्यांचा चेहरा उजळला. मग आत नेऊन खुर्चीवर बसवलं, वाटीच्या खाली अंगठा दाबून जागा शोधली आणि एक काळा पट्टा तिथे करकचून नाही, पण नेटका बांधला. म्हणाल्या, आता जिना चढून-उतरून ये. मी आले. दुखणं गेलं नव्हतं, पण निम्मं झालं होतं. तेव्हा कुठे त्यांनी विचारलं, "घर आवडलं?"

मी हो म्हटलं. पुढे कधीतरी त्यांच्या यजमानांनी मला सांगितलं की माझ्याआधी एक फार सालस जोडपं खोली बघून गेलं होतं. पण दोघांचेही गुडघे ठणठणीत निघाल्यामुळे हिचा त्यांच्यातला रस संपला.

सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची आणि यजमानांना अण्णा. मीही तेच म्हणायला लागले. अक्कांचे आजोबा कधीतरी सांगलीकडून नोकरीसाठी इकडे आले होते. अक्का इथेच जन्मल्या, वाढल्या. त्यांचं मराठी घरातल्या घरात शिवलेलं होतं, ठिगळं कन्नडची. "स्वल्प सरक" म्हणजे जरा सरक, "ऊट झालं का" म्हणजे जेवण झालं का, हे त्यांच्या तोंडी अस्सल मराठी होतं. आणि मी "काय करून राहिल्या अक्का" असं विचारलं की त्याच मला म्हणत, तुझं मराठी जरा विचित्रच आहे गं. नवऱ्याला त्या 'री', म्हणजे अहो, म्हणून हाक मारत. अण्णा एका सरकारी संशोधन संस्थेत ग्रंथपाल होते. आयुष्यभर लोकांना हळू बोला म्हणून सांगून त्यांचा स्वतःचा आवाज जवळजवळ संपला होता. स्वयंपाक तेच करत. अक्का स्वयंपाकघरात गेल्या की काहीतरी दुरुस्त करायच्या आणि मग ते बंद पडायचं.

दिसायला अक्का उंच, साठी ओलांडलेल्या, केस बारीक कापलेले. अंगात ढगळ कुर्ता, खाली ट्रॅक पँट, आणि पँटवरून दोन्ही गुडघ्यांखाली काळे पट्टे. लांबून बघणाऱ्याला वाटे, बाई सायकलवरून येतायत आणि सायकल तेवढी मागे राहिली आहे. लग्नकार्यातसुद्धा पट्टे असत, साडीच्या आत. जेवणाच्या पंगतीतून उठताना मधेच चर्र असा आवाज आला की ओळखायचं, अक्कांनी वेल्क्रो सैल केलं.

नोकरी त्यांनी एका सरकारी विमान कारखान्यात केली, इंजिनिअर म्हणून. विमानाचे पाय, म्हणजे उतरताना ज्या चाकांवर सगळा भार येतो ते, तपासायच्या विभागात. तो पाय उंच उचलायचा, वर वजन लादायचं आणि खाली आपटायचा. पुन्हा उचलायचा, पुन्हा आपटायचा. तुटेपर्यंत. मग कुठून तुटला ते बघायचं. "पगार मला मोडतोडीचा मिळायचा," त्या अभिमानानं सांगत. निवृत्तीनंतर आपटायला विमानाचे पाय मिळेनात, म्हणून त्या माणसांच्या पायांकडे वळल्या असं माझं मत आहे.

त्यांच्या लेखी गुडघा म्हणजे विमानाचा पाय, फक्त वाईट डिझाइनचा. "देवानं गुडघा केला तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ असणार," त्या म्हणत. "दुसऱ्या दिवशी सुट्टी. आटप म्हणाला असेल." मांडीचा एवढा मोठा स्नायू, त्याची सगळी ओढ येते कुठे, तर वाटीवर. आणि वाटीला खालच्या हाडाशी बांधलंय कशानं, तर एका आखूड जाड दोरीनं. डॉक्टर तिला टेंडन म्हणतात. उडी मारलीत की खाली येताना सगळा हिशेब ती दोरी चुकता करते. हे सगळं त्या भाजीवाल्यालाही समजावत, कन्नडमध्ये, दोडका हातात धरून.

व्हरांड्यात त्यांची जुनी शिलाई मशीन होती. तिथे पट्टे तयार होत. सायकलच्या ट्यूबचा तुकडा, आत मऊ कापड, टोकाला वेल्क्रो. दुकानात मिळणाऱ्या नी-कॅपला त्या मोजा म्हणत. "गुडघ्याला थंडी वाजत असेल तर घाल," एवढंच त्यांचं मत. पट्टा बांधायचा तो वाटीवर नाही, वाटीच्या खाली आणि हाडाचा उंचवटा लागतो त्याच्या वर. पट्ट्याखाली बोट शिरलं पाहिजे. पायाला मुंग्या आल्या तर तो पट्टा नाही, फास आहे. आणि बसल्या जागी काढून ठेवायचा.

एवढ्यावर सुटका नव्हती. पट्ट्यानं दुखणं बरं होतं असं कुणी म्हटलं की त्या चिडत. "पट्ट्यानं ते गप्प बसतं. गप्प बसलंय तेवढ्यात काम उरकून घ्यायचं." हे काम म्हणजे मागच्या अंगणातली फळी. मोडलेल्या दाराची त्यांनी एक उतरती फळी केली होती. तिच्यावर उताराकडे तोंड करून उभं राहायचं आणि एकदम सावकाश खाली जायचं, सावकाश वर यायचं. दोरी ओढायला लावली तरच ती मजबूत होते, आरामानं आणखी लेचीपेची होते, हा त्यांचा सिद्धान्त. सकाळी मागच्या अंगणात दोन-तीन तरी गिऱ्हाइकं असत आणि अक्का हातात कॉफीचा स्टीलचा पेला घेऊन त्यांच्यासमोर उभ्या असत.

"लिफ्टसारखा खाली जा, नारळासारखा पडतोयस," असं त्यांनी एका बँक मॅनेजरला सांगितलेलं मी ऐकलंय.

कोपऱ्यावरच्या देवळातले पुजारी पण येत. दिवसभर उठबस करून त्यांची दोरी पार वैतागली होती. पट्टा बांधण्याआधी त्यांनी हळूच विचारलं, यात चामडं तर नाही ना. अक्का म्हणाल्या, रबर आहे, झाडाचा चीक. तुमच्या देवाला पानं-फुलं चालतात तर चीकही चालेल. पुजाऱ्यांना फळीवर चढायचा संकोच वाटत होता, तर अक्कांनी फळी फिरवून पूर्वेकडे केली. "आता करा. वरच्याला वाटेल, पूजाच चाललीय." पुजाऱ्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि केली. बरे झाले तेव्हा नारळ घेऊन आले. अक्कांनी नारळ घेतला आणि म्हणाल्या, यातलं निम्मं श्रेय देवाला देऊ नका, त्यानंच घोळ घातला होता.

आमच्या मराठी मंडळाची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. गणपतीच्या मिरवणुकीसाठी बायकांचं लेझीम पथक होतं आणि मी त्यात होते. जयनगरात एका शाळेच्या मैदानावर सराव चालायचा. पुण्या-मुंबईहून आयटीत आलेल्या आम्ही बहुतेक जणी. दिवसभर खुर्चीत आणि संध्याकाळी एकदम उड्या आणि बैठका. आठवड्यात निम्मं पथक लंगडायला लागलं. मी अक्कांना बोलावलं. त्या पिशवीभर पट्टे घेऊन आल्या, एकेकीला बसवून बांधले, सराव निम्म्यावर आणला, उड्या कमी करायला लावल्या आणि सगळ्यांकडून बैठका सुरू केल्या. आठ-दहा दिवसांत लंगडणं थांबलं.

मग मंडळाचे अध्यक्ष आले. पुण्याचे गृहस्थ, निवृत्त, परंपरेचे फार अभिमानी. नऊवारीवर हे काळे पट्टे बघून त्यांनी सराव थांबवला. म्हणाले, हे पोलीस भरतीसारखं दिसतंय, आपल्या संस्कृतीत हे बसत नाही.

अक्का म्हणाल्या, "तुमच्या संस्कृतीतल्या बायका पहाटे उठून जात्यावर दळायच्या. या लॅपटॉपवर दळतात. गुडघ्याला कसं कळणार संस्कृती कुठली ते?"

अध्यक्ष म्हणाले, निदान साडीच्या आत घाला. तेही करून बघितलं, पण काष्ट्याच्या आत पट्टा घसरून पोटरीवर यायचा. दोन दिवस अक्का घसरलेले पट्टे वर ओढत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची जुनी इरकल साडी फाडली आणि तिचे काठ पट्ट्यांवर शिवून टाकले. लाल-पिवळे काठ, मधे बारीक नक्षी. मिरवणुकीत आम्ही गेलो तेव्हा दुसऱ्या मंडळाच्या बायका टक लावून आमच्या गुडघ्यांकडे बघत होत्या. एकीनं न राहवून अक्कांना विचारलं, हा कुठला दागिना. अक्कांनी अजिबात चेहरा न हलवता सांगितलं, "गुडघेबंद. पेशवाईत घालायच्या. आता कुणाला आठवत नाही."

पुढच्या वर्षी त्या मंडळाच्या सगळ्या बायका दोन्ही गुडघ्यांना गुडघेबंद घालून आल्या. एकीचाही गुडघा दुखत नव्हता. आमच्या अध्यक्षांनी त्या वर्षीच्या भाषणात, विस्मरणात गेलेली ही परंपरा आपल्या मंडळानं कशी जिवंत केली, ते सविस्तर सांगितलं. अक्का पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होत्या.

माझा गुडघा फळीवर बरा झाला. वेळ लागला. कंटाळा येई, दुखे, मी बुडवे आणि अक्का वर येऊन दार वाजवत. शेवटी एके दिवशी मी पट्टा बांधून खेळायला निघाले, तर त्यांनी मला फाटकाशी अडवलं. खाली वाकून चर्रकन पट्टा काढून घेतला. म्हणाल्या, "आता हा तुझ्या गुडघ्याला नाहीये, भीतीला बांधलाय. जा."

मी गेले, खेळले, काही झालं नाही.

त्यानंतर, म्हणजे माझं स्वतःच्या गुडघ्यावरचं लक्ष उडाल्यावर, मला एक गोष्ट दिसायला लागली. सगळ्या गल्लीला त्या फळीवर चढवत, पण स्वतः कधी चढत नसत. त्यांचे पट्टे मात्र दिवसेंदिवस घट्ट होत चालले होते. संध्याकाळी व्हरांड्यात पट्टा काढला की कातडीवर खोल लाल वळ दिसे आणि त्या तो वळ चोळत बसत. उजव्या पायावर तर आता एकाखाली एक असे दोन पट्टे होते. मी अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, तिलाच विचार, मी विचारून थकलो.

बनशंकरीला एक फिजिओ होती, तिशीच्या आसपासची कन्नड मुलगी. अण्णांनी एकदा हट्टानं अक्कांना तिच्याकडे नेलं होतं. तिनं सगळं नीट तपासून सांगितलं की दोरी बरीच खराब झालीय. काही महिने उड्या पूर्ण बंद, पट्ट्याच्या जोरावर खेळणं बंद आणि रोज व्यायाम. म्हणजे अक्का जगाला सांगत होत्या तेच. अक्कांनी तिचं कौतुक केलं, मुलगी हुशार आहे म्हणाल्या आणि त्यातलं काहीही केलं नाही. मी म्हटलं, अक्का, ती बरोबर सांगून राहिली ना.

"बरोबरच आहे ती. पण बरोबर माणसांचं ऐकायचंच असा कुठे नियम आहे?"

मी गप्प बसले नाही. तेव्हा मशीनवरचा हात थांबवून त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे महिने आहेत गं. तू सहा महिने उडी नाही मारलीस तर पुढे तीस वर्षं मारशील. माझ्याकडे मुळात थोड्याच उरल्यात. त्या मी फळीवर उभी राहून वाया घालवू?"

त्या उड्या व्हॉलीबॉलच्या होत्या. कारखान्यात त्यांच्या विभागात त्या एकट्याच बाई. जेवणाच्या सुट्टीत पुरुष शेडमागे जाळी बांधून खेळायचे. पहिलं वर्षभर अक्का डबा खात बघत बसल्या. मग एक दिवस कुणीतरी रजेवर होतं, एक माणूस कमी पडला, तर त्या साडीचा ओचा खोचून उतरल्या आणि निवृत्त होईपर्यंत परत बाहेर बसल्या नाहीत. जाळीपाशी उडी मारून चेंडू खाली हाणणं ही त्यांची खासियत. त्या कधी फार बोलत नसत याबद्दल, पण एकदा म्हणाल्या होत्या की त्या शेडमध्ये दिवसभर सगळे मला मॅडम म्हणायचे आणि फक्त त्या अर्ध्या तासात नावानं हाक मारायचे. दर वर्षी थंडीत कारखान्याच्या जुन्या मंडळींचा मेळावा भरे. तिथे दोन संघ पडत, एक सामना होई आणि अक्का खेळत. बाकी वर्षभर त्या त्या सामन्यासाठी गुडघे जपून नव्हे, दामटून ठेवत.

त्या वर्षी मीही गेले, अण्णांसोबत. त्यांनी चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीभात, करून मोठ्या डब्यात घेतलं होतं. जुन्या वसाहतीचं मैदान, कडेला गुलमोहराची झाडं, पोटं सुटलेले निवृत्त म्हातारे आणि त्यांच्या खुर्च्या मांडून बसलेल्या बायका. कन्नड, तमिळ, हिंदी, सगळ्याची खिचडी. अक्कांना बघून सगळ्यांनी त्यांच्या नावानं आरोळी ठोकली. मला त्यांचं नाव माहीत होतं, पण ते इतक्या लोकांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. अक्कांनी खाली बसून तिन्ही पट्टे घट्ट केले, पुन्हा घट्ट केले. अण्णांनी डब्याचं झाकण उघडून परत लावलं.

खेळल्या मात्र त्या सुंदर. साठी उलटलेली बाई जाळीच्या वर हात नेताना मी कधी पाहिली नव्हती. पहिला डाव त्यांच्या संघानं घेतला. दुसऱ्यात बरोबरी होती, तेव्हा कुणीतरी त्यांना चेंडू उंच लावून दिला. अक्कांनी दोन पावलं घेतली, उडी मारली, चेंडू हाणला आणि खाली आल्या. जुन्या छत्रीची काडी निसटावी तसा आवाज आला. मला वाटलं वेल्क्रो सुटलं.

त्या पडल्या नाहीत, बसल्या. उजवा पाय समोर पसरून आपल्याच गुडघ्याकडे बघत राहिल्या. लोक धावले. मी पोचले तेव्हा त्या ट्रॅक पँटवरूनच बोटानं चाचपत होत्या. चेहरा पांढराफटक, पण आवाज नेहमीचा. "वाटी वर सरकलीय. बघ, इथे खड्डा. दोरी गेली." मग मान वर करून जाळीपलीकडे बघत विचारलं, "चेंडू आत पडला ना?"

आत पडला होता.

अण्णा गर्दीतून आले. गुडघे टेकून खाली बसले आणि उजव्या पायावरचे दोन्ही पट्टे सोडवले. पाऊल दोन्ही हातांत धरलं आणि इतक्या वर्षांत मी ऐकला नव्हता अशा स्पष्ट आवाजात म्हणाले, "आता पुरे."

तिघाचौघांनी अक्कांना उचलून गाडीत बसवलं.

ऑपरेशन लगेच झालं. डॉक्टरांनी दोरी पुन्हा शिवून हाडाला बांधली. अक्कांनी त्यांना विचारलं, दोरा कुठला वापरला आणि किती ओढ सहन करतो. आपटून बघितलाय का. डॉक्टर तरुण होते, त्यांना गंमत वाटली. मांडीपासून घोट्यापर्यंत पाय सरळ ठेवणारा एक लांबलचक पट्टा बांधून अक्का घरी आल्या. दुखण्यावर हसणं दवाखान्यात होत्या तेवढे दिवस टिकलं. मग ओसरलं.

त्या व्हरांड्यात मशीनकडे पाठ करून बसायला लागल्या. पुजारी भेटायला आले, बँक मॅनेजर आला. अक्का त्यांच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारायच्या. त्यांनी कुणाच्याही गुडघ्याची चौकशी केली नाही, आणि पुजारी तर चांगले लंगडत आले होते. बनशंकरीची फिजिओ घरी यायला लागली. पहिला व्यायाम अगदी साधा होता: झोपल्या झोपल्या मांडी आवळायची आणि सरळ पाय पलंगापासून जरासा उचलायचा. अक्कांचा पाय उचलला गेला नाही. टाच चादरीवर तशीच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. फिजिओ म्हणत होती की असं होतं, मांडी विसरते, तिला आठवण करून द्यायला लागते. ती गेल्यावर अक्का छताकडे बघत मला म्हणाल्या, "माझा पाय माझं ऐकत नाही गं." आणि त्या रडल्या. मी बाजूला उभी राहिले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी व्यायाम करायचंच सोडलं. फिजिओ यायची, कॉफी पिऊन जायची.

यावर अण्णांनी जे केलं ते मी माझ्या गच्चीवरून पाहिलं. सकाळी ते मागच्या अंगणातली फळी उचलून, घामाघूम होत, आत घेऊन चालले होते. मी खाली धावले तोवर त्यांनी ती अक्कांच्या पलंगासमोर मांडली होती. ज्यांनी आयुष्यात कधी कसरत केली नव्हती, ते अण्णा लुंगी वर खोचून फळीवर चढले. म्हणाले, तू एकदा पाय उचल, मी एकदा खाली जाईन. तू नाही उचललास तरी मी जाईन. आणि गेले. अर्ध्यात अडकले, भिंतीला धरून वर आले, परत गेले. अक्का म्हणाल्या, री, उतरा खाली, पडाल. अण्णा उतरले नाहीत. असं त्यांनी चार दिवस केलं. पाचव्या दिवशी त्यांना पलंगावरून उठवेना. दोन्ही गुडघ्यांना, वाटीच्या बरोबर खाली, कळा यायला लागल्या. ज्या माणसाला जन्मात कधी गुडघा म्हणून काही दुखलं नव्हतं, त्यानं तो हौसेनं दुखवून घेतला होता.

अक्का हसायला लागल्या. थांबेचनात. मग मला म्हणाल्या, मशीनच्या खणातून पट्टा आण, मोठा आण, यांच्या पोटऱ्या जाड आहेत. स्वतः पाय पसरून बसल्या आणि नवऱ्याच्या गुडघ्याला पट्टा बांधता बांधता त्याला एक मोठं व्याख्यान दिलं: कुणी पहिल्या दिवशी इतक्या बैठका मारतं का, अक्कल आहे का, ग्रंथालयात काय वाचलंत आयुष्यभर. बोलण्याच्या भरात त्या पलंगाच्या कडेला सरकल्या आणि त्यांची उजवी टाच चादरीपासून उचलली गेली. किंचितच. अण्णांनी ते पाहिलं आणि शिव्या खात राहिले.

तिथून पुढे मग अक्का सुधारल्या, म्हणजे बिघडल्या. फिजिओशी भांडायला लागल्या, व्यायामाच्या वेळा स्वतः ठरवायला लागल्या. पाय वाकायला लागला, काठी आली, काठी गेली. शेवटी त्या फळीवर उभ्या राहिल्या तेव्हा पुजारी आणि बँक मॅनेजर दोघंही कॉफी घेऊन बघायला आले होते. मॅनेजरनं काही सूचना करण्याचा प्रयत्न केला. अक्कांनी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो मधेच गप्प झाला. डॉक्टरांनी सगळं करायला परवानगी दिली, उडी सोडून. अक्कांनी ते ऐकून घेतलं. वाद घातला नाही.

पुढच्या मेळाव्याला त्या जातील असं आम्हाला वाटलं नव्हतं. त्या आदल्या दिवशी म्हणाल्या, रेफरी लागतो ना. मैदानावर जाळीच्या टोकाला लोखंडी उंच खुर्ची होती, वर चढायला उभी शिडी. अक्का सरळ तिकडे गेल्या. कुणीतरी हात द्यायला पुढे झालं, तर त्यांनी हातानंच बाजूला सारलं. डावा पाय वर, मग उजवा त्याच्या शेजारी. पुढच्या पायरीला त्यांनी उजवा आधी ठेवला. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा शिडीकडे बघत होते. त्या उजव्या पायावर अक्का पूर्ण भार देऊन उभ्या राहिल्या, क्षणभर तिथेच थांबल्या आणि वर जाऊन बसल्या.

सामना मात्र त्यांनी धड होऊ दिला नाही. स्वतःच्याच जुन्या संघातल्या एकेकाला पकडला. तुझा हात जाळीला लागला, तू रेघ ओलांडलीस, तू चेंडू धरलास. म्हातारे चिडले, एकानं टोपी जमिनीवर आपटली. ज्यानं त्यांना गेल्या साली चेंडू लावून दिला होता, तो तमिळ गृहस्थ तर मैदान सोडून निघाला. अक्का वरून ढिम्म. त्यांचा संघ हरला आणि सगळे रागारागानं जेवायला निघून गेले.

खाली उतरणं खरं अवघड. उतरतानाच दोरीवर सगळा भार येतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी शिडीखाली हात पुढे करून उभी राहिले. त्या म्हणाल्या, तू जा, जेव, मी येते. मी हलले नाही, अण्णाही हलले नाहीत. अक्का वळल्या, शिडीकडे तोंड केलं आणि एकेक पायरी, थांबत, ओठ घट्ट मिटून खाली आल्या. पाय जमिनीला लागले तसा त्यांनी श्वास सोडला आणि मैदानभर नजर टाकली. मैदान रिकामं होतं. सगळे मांडवात, पाठमोरे, पानावर बसलेले.

"कुणी बघितलंच नाही?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, आम्ही बघितलं ना अक्का.

"तुम्ही घरचे," असं म्हणून त्यांनी मांडवाच्या दिशेनं त्या तमिळ गृहस्थाला खणखणीत हाक मारली, वळल्या आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर परत पाय ठेवला. अण्णांनी मागून त्यांचा कुर्ता धरला, आणि जेवणाच्या पंगतीत बसेपर्यंत तो सोडला नाही.